अपत्ये : निरंक

फेब्रुवारी सरत आला आणि वारं कागलकडून वाहायला लागलं की आमच्या कॉलेजच्या वरच्या मजल्यावर मळीचा वास येतो. गोड म्हणावा तर गोड नाही, आंबूस म्हणावा तर तसाही नाही. साखर कारखाने तेव्हा शेवटच्या उसावर आलेले असतात आणि आमच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरी शेवटच्या प्रात्यक्षिकावर. माझ्या टेबलावर खाकी कव्हरं घातलेल्या जर्नलांचा ढीग चढतो. शिपाईमामा गठ्ठे सुतळीनं बांधून आणतात आणि म्हणतात, "मॅडम, तुमचा बी हंगाम सुरू झाला की." मी हसते. आणि उठून खिडकी लावून घेते.

परीक्षेचा हंगाम म्हटलं की लोकांना काय काय आठवतं. कुणाला गार झालेला चहा, कुणाला घामानं भिजलेलं हॉलतिकीट, कुणाला गणिताच्या पेपराला आलेली चक्कर. मला एका छापील तक्त्यातला एक रकाना आठवतो. तीस वर्षं होऊन गेली. तो मीच भरला होता, निळ्या शाईनं, चांगल्या वळणदार अक्षरात, आणि चुकीचा.

मी मानसशास्त्र शिकवते. आमच्या विषयात एक रीत आहे. शेवटच्या वर्षाला प्रत्येकीनं एका माणसाचा 'व्यक्ती-अभ्यास' लिहायचा. त्या माणसाचं जन्मापासूनचं आयुष्य विचारून घ्यायचं आणि त्याला मनोविश्लेषणाचा सिद्धांत लावून दाखवायचा. लहानपणाच्या कुठल्या अवस्थेत हे माणूस अडकून पडलं, मनात काय दाबून ठेवलं, आणि दाबलेलं आता कुठल्या रूपानं वर येतंय. पहिल्या पानावर तक्ता असतो : वय, शिक्षण, विवाह, अपत्ये. शेवटच्या पानावर 'प्रयुक्ताची सही'. प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. नाव लिहायचं नाही, नुसतं 'क्ष' म्हणायचं. आता पोरी हे माणूस आणणार कुठनं? परका माणूस कशाला बसतोय तासभर स्वतःचं उकलून सांगत? म्हणून सगळ्या जणी घरातलंच कुणीतरी धरतात, ज्याला नाही म्हणता येत नाही असं. मी माझ्या आत्याला धरलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला कागलच्या बाजूला एका खेड्यात दिली होती. माझ्या जन्माच्या आधी चार वर्षं ती परत आली ती कायमची. का आली, हे आमच्या घरात कुणी बोलायचं नाही, आणि आम्ही पोरंही विचारायचो नाही. चुलीशेजारी पाट असतो, दाराशी चपला असतात, तशी घरात आत्या होती. गोठ्यातल्या तीन म्हशींचं सगळं तिच्याकडे. गडमुडशिंगीत तेव्हा निम्मी माणसं शेतात आणि निम्मी कोल्हापूरच्या बसला लोंबकळत असायची. मी लोंबकळणाऱ्यांतली, खरं सकाळचं शेण भरल्याशिवाय मला बस गाठता येत नसे. वर्गात बसले की वेणी नाकाजवळ आणून हळूच वास घेऊन बघायची, गोठ्याचा येतोय का म्हणून. यायचाच.

मैत्रिणी शहरातल्या. त्यांची नावं सुजाता, संगीता, वर्षा. माझं मालन. हजेरीला सर "मालन" म्हणाले की मागच्या बाकावर कुणीतरी हमखास फिस्सकन हसायचं.

हे नाव आत्याची करणी. माझ्या बारशाला पंचांगातनं 'र' अक्षर निघालं होतं आणि सगळ्यांनी मिळून रेखा ठरवलं होतं. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, शेजारणी जमल्या. आत्या पाळण्यावर वाकली, माझ्या कानात तिनं कुर्रर्र केलं आणि सरळ होऊन म्हणाली, "मालन." आत्यानं कानात सांगितलेलं नाव कोण फिरवणार? बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आज्जी तर तिथंच पदर तोंडाला लावून रडायला लागली म्हणे, पंचांगातलं अक्षर मोडलं म्हणून. वडील तेवढे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तेच." ही गोष्ट आमच्या घरात दर दिवाळीला चेष्टेनं सांगितली जायची. मला मात्र त्या नावाचा इतका राग यायचा की गॅझेटात देऊन नाव बदलायचा अर्जसुद्धा मी आणून ठेवला होता.

आणि आत्याचं एक वेड होतं. धुणं. दुधाची किटली ती राखेनं घासायची, मग कढत पाण्यानं विसळायची, मग पुन्हा राखेनं. हात तर कोपरापर्यंत. धार काढायच्या आधी धुवावेत हे मला पटायचं, पण धार काढून झाल्यावर, जेवायला बसताना, उठताना, देवाला हात जोडायच्या आधी आणि जोडून झाल्यावरही? थंडीत तिच्या बोटांना भेगा पडून रक्त यायचं. डेअरीतला माप घेणारा म्हणायचा, "आक्का, एक दिवस किटलीचा तळ हातात यील बघा." घरातले म्हणायचे, "तिचं तसंच हाय." तेवढ्यावर विषय मिटायचा.

तो मिटलेला विषय मी उघडला. त्या वर्षी सर आम्हाला व्यक्तिमत्त्वाचा विकास शिकवत होते. मुखावस्था, गुदावस्था, लिंगावस्था असे शब्द फळ्यावर पडले की पोरी ओढण्या तोंडात कोंबायच्या. मी हसले नाही. मला साक्षात्कार झाला होता. दोन-तीन वर्षांच्या पोराला स्वच्छतेची शिस्त फार कडक लावली, तर ते मोठेपणी अतिनीटस, हेकट, सगळं आपल्याच मुठीत ठेवणारं होतं, असं पुस्तकात लिहिलं होतं. अगं बया! ही तर आमची आत्या. पुस्तकातनं उठून आमच्या परसात किटली घासत बसलेली.

एका दुपारी, वैरण टाकून झाल्यावर आणि धारेच्या आधी, मी वही घेऊन तिच्यासमोर बसले. चाळीस मिनिटं. हा सिद्धांत मांडणारा व्हिएन्नाचा म्हातारा डॉक्टर माणसाला वर्षानुवर्षं कोचावर झोपवून ऐकायचा म्हणतात. मला चाळीस मिनिटांत माणूस कळलं. लहानपणी आई मारायची का, असं विचारलं, तर म्हणाली, "कुणाची मारत न्हाय?" स्वप्नं कसली पडतात, असं विचारलं, तर म्हणाली, "झोप लागली तर पडतील की." हे सगळं मी भराभर उतरून घेतलं. मग तक्त्यात 'अपत्ये' आलं. मी मान वर केली. ती फडक्यानं किटली कोरडी करत होती. मनात आलं, नवऱ्यानं टाकलेल्या बाईला हे काय विचारायचं? उगाच कशाला दुखवा? आणि तिला मूल असतं तर आम्हाला माहीत नसतं का? मी आपल्या मनानंच लिहिलं, निरंक. सरकारी कागदात लिहितात तसं. कसली दया दाखवली मी तिला! त्या दयेची आज मला लाज वाटते.

"कॉलेजचा कागद हाय व्हय? कुठं करू सही?" आत्या म्हणाली. चौथीपर्यंत शिकलेली बाई, एक एक अक्षर दाबून काढायची. सही करायच्या आधी तिनं हात धुतले, मग पुसले, मगच पेन धरलं. मी हेही निरीक्षणात लिहिलं.

ते जर्नल अजून माझ्याकडे आहे. वाचताना कानशिलं तापतात, तरी वाचते. 'क्ष हिच्या ठायी मातृत्वाच्या इच्छेचे दमन झालेले असून ती ऊर्जा स्वच्छतेच्या कर्मकांडात विस्थापित झाली आहे.' 'लहान मुलांविषयी सुप्त तिरस्कार. शेजारच्या अर्भकांना उचलून घेण्यास टाळाटाळ.' 'भावाच्या कन्येचे नामकरण सर्वांच्या इच्छेविरुद्ध केले, यावरून वर्चस्वाची तीव्र गरज दिसते. भाऊ दुबळ्या अहम्‌चा असल्याने शरण गेला.' बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "छान पकडलंस." वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला पडले. त्या दिवशी मालन म्हणून हाक मारल्यावर कुणी हसलं नाही.

जर्नल परत मिळालं ते मी फळीवर टाकलं आणि विसरले. एप्रिलातली दुपार असेल. बाहेरून आले तर आत्या उंबऱ्यावर बसलेली, मांडीवर जर्नल. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचत होती. शेवटचं पान चालू होतं. तिनं पान संपवलं, जर्नल मिटलं, पदरानं त्याचं कव्हर पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "अक्षर झ्याक हाय तुझं," म्हणाली आणि गोठ्यात गेली.

त्या दिवसापासून मी घरात असले की आत्या किटली एकदाच धुवायची. मी बघतेय असं दिसलं की हात पदराखाली घ्यायची. मला वाटलं, वा! सत्य समोर आलं आणि लक्षण गेलं, पुस्तकात म्हटलंय तसंच. मैत्रिणीला अभिमानानं सांगितलंसुद्धा. मी बसला गेल्यावर ती मागच्या हौदावर जाऊन पुन्हा सगळं पहिल्यापासून घासते, हे मला धाकट्या भावानं पुढं कधीतरी सांगितलं. माझ्या अभ्यासानं एवढंच झालं होतं. तिला तिच्याच घरात चोरून हात धुवायला लावले मी.

खरं काय ते कळायला मला स्वतःला मूल व्हावं लागलं. बाळंतपणाला माहेरी आले होते. सगळं गाव पोरगी बघून गेलं, आत्या मात्र खोलीच्या दारातनं पुढं यायची नाही. साबणानं हात धुवायची, दाराशी यायची, हात नाकाशी नेऊन हुंगायची आणि परत धुवायला जायची. मी चिडून म्हणाले, "घे की गं एकदा! खाणार आहे का तुला पोरगी?" ती पुन्हा हात धुवायला वळली. ती गेल्यावर आईनं दार लोटून घेतलं.

"तिला बोलू नगंस तसं," आई म्हणाली. "तिला एक पोरगी झालती. सात म्हयन्याची हुन गेली, हगवणीनं. सासू म्हनाली, हिनंच मारली. शेणाच्या हातानं पाजलं म्हनाली. दिवस बी घातलं न्हाईत, तवर आणून सोडली हितं."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"मला तरी कुठं कोन सांगितलं? मी तवा ह्या घरात आलीबी नव्हते. तुझी आज्जी मरायच्या आधी बोलली. घरात तेचा ईषयच काढायचा न्हाय, असं ठरलंतं."

पोरगी माझ्या मांडीवर होती, आणि मला निरंक हा शब्द दिसत होता. निळ्या शाईतला. आणि त्याखाली आत्याची सही. लेकरू नव्हतंच, असं लिहिलेल्या कागदावर मी त्या लेकराच्या आईची सही घेतली होती.

तेव्हा लगेच उठून जायला हवं होतं, पाय धरायला हवे होते. मी गेले नाही. आधी म्हटलं ओली बाळंतीण आहे, मग म्हटलं म्हाताऱ्या माणसाच्या जखमेला कशाला हात लावा, मग नोकरी, मग घर. याला आमच्या विषयात समर्थन म्हणतात. मी ते दर ऑगस्टमध्ये उदाहरणासकट शिकवते. उदाहरण अर्थातच दुसरं देते.

लोक समजतात तसा तो सिद्धांत खोटा नव्हता. लक्षणाच्या मागं काहीतरी घडलेलं असतं, हे त्यात नीट सांगितलंय. ते ऐकून घ्यावं लागतं, हेही सांगितलंय. मी ऐकायच्या आधी उत्तर लिहून मोकळी झाले. आणि प्रक्षेपण म्हणजे आपल्या मनातलं दुसऱ्याच्या माथी मारणं, तेही मीच करत होते. गोठ्याच्या वासाची शिसारी मला होती. नावाची लाज मला होती. वेणी हुंगत मी बसायची आणि वेड मात्र आत्याचं ठरवलं. पुढं त्याच परंपरेतल्या एका मानसशास्त्रज्ञानं माणसाचा विकास बालपणाशी न थांबवता मरेपर्यंतच्या आठ पायऱ्यांवर नेला. त्यातली शेवटची पायरी मला शिकवताना जड जाते. म्हातारपणी माणूस मागं वळून बघतं आणि हे सगळं माझंच होतं, असं म्हणू शकलं तर शांत होतं, असं तो म्हणतो. आत्या आता ऐंशीला टेकलीय. तिच्या आयुष्याबद्दल कुणी काही लिहिलेलं असेल तर तो एकच कागद, माझा. त्यात तिचं लेकरूच नाही.

यंदाच्या तोंडी परीक्षेला कोमल नावाची मुलगी आली, शाहूवाडीकडची. आज्जीवर लिहिलं होतं तिनं. बाहेरून आलेले सर पानं चाळत म्हणाले, "इथं अपत्ये सात लिहिलीयत आणि पुढं माहिती पाचाचीच?"

"सर, मी पाचच लिहिलंतं," कोमल म्हणाली. "खरं आज्जीनं सही करायच्या आधी सगळं वाचून दाखवायला लावलं. म्हणाली, सात लिव्ह, न्हाईतर सही करत न्हाय. गेलेली दोन बी माझीच हाईत म्हणाली."

सर हसले आणि पान उलटून पुढच्या प्रश्नाला लागले. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. विचारलं असतं तर आत्यानंही सांगितलं असतं. एवढंच होतं, नुसतं विचारायचं होतं. मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर आले आणि व्हरांड्यात उभी राहिले. मळीचा वास सुटला होता. तेविशी-चोविशीपासून जे टाळत आले होते ते आता टाळायचं नाही, असं मी तिथं स्वतःला बजावलं.

रविवारी ट्रंकेच्या तळातनं जर्नल काढलं आणि गडमुडशिंगीला गेले. भावानं म्हशी विकल्या, एक तेवढी आत्याच्या हट्टानं ठेवलीय. आत्या हौदावर बसली होती. मी कोपऱ्यावर दिसले तशी तिनं किटली बाजूला सारली आणि हात पदराखाली घेतले. तीस वर्षं झाली, तरी.

मी तिच्याशेजारी दगडावर बसले. "आत्या, हे ओळखलंस?"

"न वळखायला काय झालं? माझी सही हाय तेच्यावर."

"मी ह्यात चुकीचं लिहिलंय."

"ठावं हाय की."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुला मार्क पडलंतं. पोरगी पुढं चाललीया, म्हटलं ऱ्हाऊ दे."

वर्गात तास तास बडबडणारी बाई मी, कसंबसं म्हणाले, "मी तुला न विचारताच निरंक लिहिलं. तुझी पोरगी मी पुसून टाकली, आत्या. आणि कळल्यावरही इतकी वर्षं गप बसले. मला माफ कर."

तिनं किटली दगडावर उपडी घातली. म्हशीनं मागं शेपूट आपटलं. मग म्हणाली, "तू एकलीच हाईस व्हय न ईचारणारी? माझ्या आईनं ईचारलं न्हाय, भावानं ईचारलं न्हाय. सगळी आपली, तुझं तसंच हाय म्हनायची. तू निदान वही घिऊन तरी बसलीस." आणि मग मास्तरणीसारखी बोट दाखवून, "काढ पेन. लिव्ह आता."

मी पहिलं पान काढलं. कागद पिवळा पडलाय. निरंक वर रेघ मारली.

"एक," आत्या म्हणाली. "लिव्ह, एक. मुलगी. सात म्हयने."

मी लिहिलं. अक्षर तसं वळणदार येईना. मग तीस वर्षांपूर्वी विचारायचं राहिलेलं मी विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

आत्यानं पदराखालचे हात बाहेर काढले. भेगा तशाच आहेत. ते तिनं माझ्यादेखत पुसले, सावकाश, आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आता ईचारतीस व्हय? तुझ्या बारशाला तुझ्याच कानात सांगितलंतं की."